प्रक्षेपणाचा सर्व्हर आणि रत्नागिरीची हवा

शिमग्याची पालखी, नमन-खेळे, नगरपरिषदेच्या सभा आणि मच्छीमारांसाठी वादळाचे इशारे दाखविणारी आपल्या गावची दूरचित्रवाहिनी असावी, अशी इच्छा रत्नागिरीत ज्यांच्या मनात उत्पन्न होते, ते बहुधा प्रथम सर्व्हरच्या किमती विचारू लागतात. परंतु सामुदायिक रेडिओप्रमाणे सामुदायिक दूरचित्रवाणीचाही परवाना मिळतो, ही जी समजूत त्यामागे असते, तिचे निराकरण आधी होणे अगत्याचे आहे. सामुदायिक रेडिओ २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. दूरचित्रवाणीसाठी तशी स्वतंत्र तरतूद नाही. स्थानिक वाहिनी १९९५ च्या केबल कायद्याच्या अमलाखाली केबलचालकामार्फतच चालते, आणि नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिच्यावरील कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावे लागते.

या दप्तरासाठी कपाटभर डिस्का लागतील, अशी धास्ती अनेकांना वाटते. सेकंदास ५ मेगाबिट या वेगाने केलेले मुद्रण तासाला सव्वादोन, दिवसाला ५४ आणि ९० दिवसांत ४,८६० गिगाबाइट भरते. म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या ८ टेराबाइटच्या एका डिस्कमध्ये ते मावते.

सर्व्हर जितका महाग तितके प्रक्षेपण निर्वेध, हा दुसरा समज. एक वाहिनी चालविणे म्हणजे ठरलेल्या वेळी एक फाइल उलगडणे, तीवर नाममुद्रा व पट्टी चढविणे आणि एकच प्रवाह बाहेर सोडणे. चित्र संकुचित करण्याचे कष्ट आता साध्या संगणकातील चित्रपत्रकही (ग्राफिक्स कार्ड) करते. स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने घडविलेली आणि २००६ पासून तेथे वापरात असलेली कॅस्परसीजी ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. एका अवाढव्य यंत्रापेक्षा दोन सारखी, मध्यम प्रतीची यंत्रे घ्यावीत आणि एक बंद पडताच दुसऱ्याने काम उचलावे, अशी तजवीज मी अधिक इष्ट मानतो.

पालखी नाचत असता मुंबई-ठाण्याचे चाकरमानी ती मोबाइलवर पाहणार, म्हणून सर्व्हरला स्मरणशक्ती (रॅम) अधिक हवी, असेही सांगितले जाते. ५०० प्रेक्षकांना प्रत्येकी ३ मेगाबिट द्यायचे तर सेकंदास १,५०० मेगाबिट बाहेर गेले पाहिजेत; येथे तोकडी पडते ती तार, आणि स्मरणशक्ती कितीही वाढविली तरी तार रुंद होत नाही. वाहिनीने एकच प्रवाह यूट्यूबसारख्या वितरकाकडे धाडावा आणि वाटपाचे काम त्याच्यावर सोपवावे. उरलेल्या पैशांत दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वाटेने येणारी जोडणी घ्यावी.

सर्वांत घातक समज मात्र साठवणीविषयीचा आहे. एकमेकींचे प्रतिबिंब ठेवणाऱ्या दोन डिस्का म्हणजे सुरक्षित प्रत, असे मानले जाते. वस्तुतः चुकून पुसलेली फाइल दोहोंवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि पाणी शिरले तर दोन्ही एकत्रच बुडतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला, तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपत्तीची जी हानी झाली, ती आठवली म्हणजे तळमजल्यावर सर्व्हर ठेवण्याची कल्पनाही असह्य होते. एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या गावी, निदान घाटावर, असलीच पाहिजे.

वातानुकूलन लावले की यंत्र निर्धास्त, हाही अपुरा विचार. मिऱ्या-मांडवीकडून येणाऱ्या वाऱ्यातील मीठ ओल धरून ठेवते व धातूला खाते. शिवाय खोली थंड असता दार उघडे राहिले, तर बाहेरची दमट हवा थंड पत्र्यावर दव होऊन बसते. म्हणून खोली बंद, हवा गाळलेली आणि आर्द्रता मोजलेली असावी. विजेविषयीही असेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडची गावे कित्येक दिवस अंधारात होती. बॅटरीची पेटी केवळ यंत्र नीट बंद करण्यापुरती मिनिटे देते, प्रक्षेपण चालू ठेवायचे तर जनरेटर आणि डिझेलचा साठा लागतो.

जुन्या केबल वाहिन्यांकडे जाखडीच्या बाऱ्या आणि गावोगावच्या नाट्यप्रयोगांच्या मिनी-डीव्ही कॅसेटी पडून असतील, तर त्यांची तासाला सुमारे १३ गिगाबाइट याप्रमाणे जागा याच अंदाजपत्रकात धरावी. कोकणच्या ओलीत फितीवर बुरशी चढते, आणि त्या चालविणारे कॅमेरे आता बनत नाहीत. ज्याच्याकडे चालू स्थितीतला असेल, त्याच्याकडून तो या पावसाळ्याआधीच मागून आणावा.