दुरून होणारा मानसोपचार आणि घरचें दार

शरीरास ताप आला असतां वैद्यास बोलावण्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. मनास ताप झाला म्हणजे मात्र तो चार भिंतींच्या आड लपवावा, असें आपल्या सुशिक्षित घरांतूनहि अजून वाटतें. ठाणें येथें मनोरुग्णालय १९०१ सालीं निघालें, आणि पुढें ‘ठाण्यास पाठविणें’ हा आपल्याकडे थट्टेचा वाक्प्रचारच होऊन बसला. त्याच ठाण्यांत १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. मानसोपचार हा केवळ वेडावरील इलाज नसून शहाण्यासुरत्या माणसालाहि प्रसंगीं लागणारें साहाय्य आहे, ही जाणीव या भागांत रुजली ती अशा कार्यामुळें.

२०२० च्या मार्चमध्यें देशभर टाळेबंदी झाली, लोकलगाड्या सामान्य प्रवाशांस बंद झाल्या, आणि कल्याण-डोंबिवलीहून ठाण्यास समुपदेशकाकडे जाणारीं माणसें घरींच अडकलीं. त्याच महिन्याच्या २५ तारखेस केंद्र सरकारनें दुरून वैद्यकीय सल्ला देण्यासंबंधीं नियम प्रसिद्ध केले, आणि पुष्कळशा भेटी मोबाइलच्या पडद्यावर होऊं लागल्या. सांथ ओसरली तरी ही सोय राहिली. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेनें १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ल्याची व्यवस्था केली. गाडीची गर्दी टळली, वेळ वांचला, हें सर्व खरें. परंतु अशा चार-पांच बैठकी झाल्या कीं त्यांतला जीव जातो, अशी तक्रार ऐकूं येते. सांगणारा तेंच तें सांगतो, आणि ऐकणारा जांभई दाबतो. असें कां व्हावें?

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनीं २०२१ सालीं या थकव्याचीं चार कारणें मांडलीं: दुसऱ्याचा चेहरा सतत अगदीं जवळून पाहणें, स्वतःचें तोंड सारखें समोर दिसणें, एका जागीं खिळून बसणें, आणि एकमेकांचे हावभाव कळावे म्हणून मनास पडणारे जादा श्रम. उपायहि यांतूनच सुचतात. स्वतःचें चित्र पडद्यावरून झांकावें. दोघांनींहि थोडें मागें सरून बसावें. एखादी बैठक नुसत्या आवाजावर घ्यावी. आणि समुपदेशकानें एक बैठक संपतांच दुसरी सुरू न करतां मध्यें उठून चार पावलें चालावें. तोंडी बोलणें रेंगाळलें तर दोघांनीं कागद घेऊन घडलेला प्रसंग, त्या वेळीं मनांत आलेला विचार आणि त्यामुळें उठलेली भावना हीं तीन रकान्यांत लिहून काढावीं. हात कामास लागला कीं लक्षहि ठिकाणावर येतें.

पण यापेक्षां मोठी गोष्ट आपण नकळत गमावली आहे, आणि ती म्हणजे तो प्रवास! डोंबिवलीहून धीम्या गाडीनें निघावें. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशीं स्थानकें मागें पडत असतां मनांतल्या गोष्टींची जुळवाजुळव व्हावी, आणि परततांना खाडीकडे पाहत ऐकलेलें पचवावें. हा अर्धा तास फुकट गेला असें आपण समजत होतों. वस्तुतः तो उपचाराचाच भाग होता. आतां डोळे पुसून फोन ठेवावा, तों स्वयंपाकघरांत कुकरची शिटी! म्हणून बैठकीच्या आधीं व नंतर दहा मिनिटें तरी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारांत एकट्यानें फेरी मारावी.

दूरपणामुळेंच काम निर्जीव होतें, असेंहि नाहीं. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रणेते डॉ. अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कला, आणि आपले कि. मो. फडके मुंबईला, दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षें चालला, आणि फडके यांनीं ती विचारसरणी महाराष्ट्रांत रुजविली. तेथें ना चेहरा, ना आवाज. पण पत्र लिहिणाऱ्यास आधीं विचार करावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत तो त्यावरच मनन करीत राहतो. दोन बैठकींच्या मधल्या आठवड्यांत असें कांहीं काम असेल, तर पुढची बैठक आपोआप जिवंत होते.

आतां आपल्या घराकडे वळूं. दोन खोल्यांची जागा, सहा माणसें. सून आंतल्या खोलींत समुपदेशकाशीं बोलत आहे आणि सासूबाई बाहेर भाजी निवडीत आहेत. “या आठवड्यांत कसें वाटलें?” या प्रश्नास सून उत्तर देते, “सगळें ठीक आहे.” समुपदेशकास वाटतें, हिला गोडी उरली नाहीं. खरें पाहतां तिला धास्ती आहे ती दारापलीकडच्या कानांची! समुपदेशकानें आरंभींच “आपण एकट्या आहांत ना?” असें विचारावें, नसल्यास वापरण्यासाठीं एखादा खुणेचा शब्द ठरवावा. सुनेनें इअरफोन लावावे, नाजूक गोष्ट बोलण्याऐवजीं लिहून कळवावी.

परंतु खरा उपाय घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे. आठवड्यांतून एक तास ती खोली तिची, त्या वेळीं कोणी हांक मारूं नये, बाहेर रेडिओ लावून ठेवावा, आणि ती बाहेर आल्यावर “काय सांगितलेंस?” असें विचारूं नये. उपचाराविषयींच्या गोष्टी गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दिलेलाच आहे. पण तो घरांत पाळला गेला तरच उपयोग. आपल्यासंबंधीं ती कांहीं बोलेल, ही भीति स्वाभाविक आहे. बोलेलहि कदाचित्. पण मनांत कुजण्यापेक्षां तें योग्य ठिकाणीं बोललेलें बरें, आणि त्यानें घर मोडण्याऐवजीं सांवरण्याचाच संभव अधिक.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार, भ्रम किंवा घरांतील मारहाण असेल, तेथें केवळ पडद्यावर विसंबूं नये. प्रत्यक्ष तज्ज्ञाकडे जावें. म्हणूनच पहिल्याच बैठकींत आपला पत्ता आणि विश्वासाच्या एका माणसाचा फोन समुपदेशकास देऊन ठेवावा.

पूजेस बसलेल्या माणसास मध्येंच हांक मारूं नये, हें आपल्या घरांत लहान मुलासहि शिकवावें लागत नाहीं. ज्या दाराआड कोणी आपलें मन निवळीत बसलें आहे, त्या दाराचाहि तेवढाच मान आपण राखूं या.