साहेब रिटायर झाले, बाईसाहेब कधी होणार?

नोकरीच्या शेवटच्या दिवशी माणसाला भिंतीवरचे घड्याळ भेट देण्याची प्रथा कोणी काढली, याचा शोध लागला पाहिजे. तीस-पस्तीस वर्षे ज्या घड्याळाच्या धाकात काढली, तेच शालीबरोबर घरी येते. जिंतूरच्या आपल्या वस्त्यांत अशी घड्याळे आता बऱ्याच घरांत दिसतात. कोणी एस.टी.च्या आगारात पाने फिरवले, कोणी शाळेत घंटा वाजवली, कोणी दवाखान्यात स्ट्रेचर ओढले, कोणी नगरपालिकेचा झाडू हाती धरून गाव जागे व्हायच्या आत रस्ते लखलखीत केले. या माणसांचे आजे-पणजे मरेपर्यंत राबले. ‘रिटायर’ हा शब्दच त्यांच्या घरात नव्हता. त्यामुळे धडधाकट माणूस दिवसभर घरी बसला तर त्याचे करायचे काय, हे सुनांना सांगणारी अनुभवी सासूही आपल्याकडे नाही!

पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. नवव्या दिवशी साहेब स्वयंपाकघराच्या तपासणीवर निघतात.

“गॅस इतका मोठा काहून ठेवलास?”

“तुमच्या चहासाठी. सकाळपासून चौथा हाय.”

आमच्या ओळखीचे एक काका कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. त्यांनी घरातले सगळे डबे चिठ्ठ्या लावून बाराखडीप्रमाणे मांडले. चहा वरच्या फळीवर गेला, साखर ‘स’ची म्हणून पार खाली. एका कपासाठी काकूंना आधी स्टुलावर चढावे लागे, मग जमिनीवर बसावे लागे. दोन दिवस त्यांनी सोसले. तिसऱ्या दिवशी चहा मागितल्यावर म्हणाल्या, “अर्ज करा. साखरेची फाइल सापडली की कळवते.” संध्याकाळपर्यंत डबे जागेवर आले.

हसण्यावारी नेले तरी काकूंचा हिशेब चुकीचा नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, कापूस वेचला, घरी येऊन भाकरी थापल्या, लेकरे शिकवली. त्यांच्या निरोपाला ना शाल, ना घड्याळ. “ह्यांना सुट्टी लागली आन् मला ओव्हरटाइम,” असे त्या म्हणतात.

शहाणे नवरे हे लवकर ओळखतात. नळ आला की भांडी भरणे, नातीला शाळेतून आणणे, बाजार करणे ही कामे ते अंगावर घेतात. बाजाराचे मात्र जपूनच. स्वस्त मिळाली म्हणून तीन किलो वांगी आणणारा माणूस घरात भांडणच आणतो. एकाने येलदरीचे मासे आणले आणि पिशवी बायकोपुढे ठेवून पेपर उघडला. तिने पेपर काढून घेतला, त्याच्याच पुढ्यात अंथरला आणि वर विळी ठेवली. आता मासे आणणे आणि साफ करणे हे एकाच खात्याकडे आहे.

परभणीला जाताना तर वेगळीच गंमत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे. पुरुषाला अर्ध्यासाठी ६५ वर्षांचे व्हावे लागते आणि फुकट प्रवासासाठी ७५ पूर्ण करावी लागतात. नवीन रिटायर झालेल्याचे तिकीट पूर्ण, शेजारी बायकोचे अर्धे. “माझं पूर्ण हाय, खिडकीपाशी मी बसतो,” असे एकाने म्हणून पाहिले. पुढचा सगळा प्रवास पिशव्या त्याच्या मांडीवर होत्या.

आता जरा पैशाचे बोलू, कारण इथे हसून भागत नाही. पेन्शन ही कोणाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले. निकालाला आधार होता आपल्या घटनेच्या १४ व्या कलमाचा, समानतेचा. पण हक्क असला तरी रक्कम प्रत्येकाची वेगळी. सरकारी नोकराची पेन्शन पगारावर बसते. पी.एफ.च्या १९९५ च्या योजनेतली, म्हणजे एस.टी. किंवा कारखान्यातल्या कामगाराची, अनेकदा इतकी थोडी असते की २०१४ साली ती किमान १००० रुपये करावी लागली.

आणि तो माणूस गेल्यावर? सरकारी नोकराच्या पत्नीला साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के कुटुंब-पेन्शन मिळते. पी.एफ.च्या योजनेत विधवेला पतीच्या पेन्शनच्या निम्मे. पण ते पदरात पडायला कागदावर ती बाई तीच असावी लागते! पेन्शनच्या कागदात गयाबाई, बँकेत गंगाबाई, आधार कार्डावर नुसती गया, आणि जन्मतारीख तिन्हीकडे तीन. नवरा हयात असताना हे एका अर्जाचे काम असते. तो गेल्यावर दुःखातल्या बाईला तिन्ही नावांची मीच, हे सिद्ध करत फिरावे लागते. म्हणून डब्यांना चिठ्ठ्या लावण्याची हौस असलेल्यांनी आज रात्री जेवण झाले की ट्रंक उघडावी. बायकोला शेजारी बसवून सगळी नावे जुळवावीत. खाते जोडनावाने करावे आणि कोणता कागद कुठे आहे ते तिला दाखवावे. ती सही शिकली असेल तर बँकेत अंगठा बदलून सही नोंदवावी.

उरला हयातीचा दाखला. मी जिवंत आहे, असे वर्षातून एकदा कळवावे लागते. सरकारी पेन्शनर त्यासाठी नोव्हेंबरात बँकेच्या बाकावर दिसतात. “घरात दिवसभर बोलायलेत, ह्याहून दुसरा पुरावा काय पाहिजे?” असे बायका म्हणतात, पण बँक ऐकत नाही. २०१४ पासून हा दाखला संगणकावर देता येतो, आता तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. एका घरी नातवाने आजोबांसमोर फोन धरला आणि म्हणाला, “आबा, डोळे मिचकवा.” आबांनी इमानदारीने मिचकवले. चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, “चाळीस वर्षांत मला कधी डोळा मारला नाही, आन् आता सरकारला मारायलेत.”