शताधिपतीचा विश्वास

लूककृत शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायातील ९व्या वचनात येशूला आश्चर्य वाटल्याचा उल्लेख येतो, आणि ज्याच्या सामर्थ्याने इतरांनी विस्मित व्हावे तोच येथे एका परक्या माणसाविषयी विस्मित होतो, हे या वचनाचे असाधारणत्व होय. हा मनुष्य म्हणजे कफर्णहूम येथील शताधिपती, शिपायांच्या तुकडीवरचा हुद्देदार. तो यहुदी नव्हता, तरी त्याने तेथील यहुद्यांना सभास्थान बांधून दिले होते, आणि त्याचा प्रिय दास मरणोन्मुख झाला तेव्हा यहुदी वडीलजनांनीच त्याच्यासाठी रदबदली केली. परंतु येशू घराजवळ येताच, त्याने आपल्या छपराखाली यावे इतकी आपली योग्यता नसून केवळ त्याच्या शब्दानेही दास बरा होईल, असे शताधिपतीने मित्रांकरवी कळविले.

मला त्याची ही विचारसरणी फार मोलाची वाटते. वरिष्ठांच्या ताबेदारीत राहून कनिष्ठांवर अंमल चालविणाऱ्या या माणसाला, हुकूम देणारा समक्ष हजर नसला तरी हुकमाची तामिली होते, हे नित्यानुभवाने ठाऊक होते, आणि त्याच अनुभवाच्या आधारे येशूचा अधिकार व्याधीवरही चालतो हे त्याने ओळखले. चमत्कार पाहून विश्वास ठेवणारे पुष्कळ होते. याने तो पाहण्यापूर्वीच ठेवला. याउलट मार्कच्या ६व्या अध्यायात, स्वतःच्या गावी, येशूला नवल वाटते ते स्वजनांच्या अविश्वासाचे.

वसईच्या चर्चमधून मराठीत होणाऱ्या मिस्सेतही, ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी, भाविक या शताधिपतीच्याच उद्गारांच्या आधारे आपली अपात्रता प्रकट करतात.