लगदा, प्लॅस्टिक आणि मधला आडत्या

आम्ही पडलो धान्याचे व्यापारी. रसायनशास्त्राशी आमचा परिचय मॅट्रिकपुरताच. तथापि २००६ सालच्या ऑगस्टात तापीचे पाणी सुरतेत शिरले, तेव्हा थप्पीखालच्या लाकडी फळ्या फुगून वाकड्या झालेल्या आम्ही स्वतः पाहिल्या. म्हणूनच चिरंजीवांनी लाकूडतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या फळ्या सुचविल्या, तेव्हा त्याची चौकशी करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

कल्पना अगदी नवी नव्हे. मातीत भुसा कालवला म्हणजे भिंत तडकत नाही, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेल्या बेकेलाइटमध्येही लाकडाचा भुगा घालीत. मात्र भुगा आखूड. तो मुख्यत्वे जागा भरतो. लगद्याचा तंतू लांब व बारीक असल्याने प्लॅस्टिकवरील भार तो आपल्या अंगावर घेतो आणि वस्तू अधिक ताठ होते.

दोन्ही जिन्नस आपल्या आसमंतातील आहेत. लगद्यापासून कागद करणाऱ्या सोनगडच्या कारखान्याची मूळ कंपनी, सेंट्रल पल्प मिल्स, १९६० साली स्थापन झाली. आज तो कारखाना जे. के. पेपरकडे आहे. हजिऱ्यास पॉलिप्रॉपिलीन तयार होते. ते सुमारे १६५ अंशांवर वितळते, म्हणून सोयीचे. कारण २०० अंशांपलीकडे तंतू करपू लागतो.

परंतु दोघांचे स्वभाव विरुद्ध! तंतू पाणी ओढून घेतो, तर प्लॅस्टिक पाण्यास थारा देत नाही. नुसते एकत्र केल्यास त्यांची पकड बसत नाही. यास्तव मलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोडेसे मिसळतात. ते एका हाताने तंतूस व दुसऱ्या हाताने प्लॅस्टिकास धरते. शेतकरी व खरीददार यांच्यामध्ये जो आडत्या, तोच येथेही!

वानगी पाहिल्यावाचून आम्ही सौदा करीत नाही. एक फळी करवतीने कापून आठ दिवस पाण्यात ठेविली. अखंड पृष्ठभाग जसाच्या तसा राहिला. कापलेली कड मात्र किंचित फुगली. उघड्या पडलेल्या तंतूंतून पाणी आत शिरते, हा त्याचा अर्थ. शिवाय असा माल 'मातीत मिसळून जाणारा' म्हणून विकणे योग्य नव्हे. त्यातील पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही.

चिरंजीवांस आम्ही सांगितले : एका थप्पीपुरत्या फळ्या घ्या, कडा बंद करून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. व्यापारी बंधूंसही आमची हीच विनंती आहे. नव्या मालास दार बंद करू नये. पण पारखल्यावाचून गोदामात घेऊही नये.