वसतिगृहातील सामायिक स्नानगृहे

वणी, मारेगाव आणि झरी जामणी तालुक्यांतील आदिवासी विद्यार्थ्यांची शासकीय वसतिगृहे आदिवासी विकास विभागाच्या पांढरकवडा प्रकल्पाकडे येतात. अशा वसतिगृहांत न्हाणीघर आणि शौचालय सर्वांचे मिळून असते.

प्रमाण : ‘आयएस ११७२’ या भारतीय मानकानुसार ८ मुलांमागे किंवा ६ मुलींमागे १ न्हाणीघर व १ शौचालय लागते. म्हणजे ४८ मुलांसाठी प्रत्येकी ६, तर ४८ मुलींसाठी प्रत्येकी ८.

पाणी : दरडोई रोज १३५ लिटर, म्हणजे ४८ जणांसाठी ६,४८० लिटर. वणीच्या कडक उन्हाळ्यात मागणी वाढते, म्हणून टाकीत राखीव साठा हवा.

वेळ : सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी सर्वाधिक गर्दी होते. गटवार वेळा ठरवल्या आणि कपडे धुण्याची जागा वेगळी ठेवली, तर रांग कमी होते.

आरोग्य : ओल्या फरशीवरून आणि एकमेकांच्या टॉवेलमधून गजकर्णासारखे बुरशीजन्य त्वचारोग पसरतात. स्वतःचा टॉवेल व साबण, पायात रबरी चप्पल आणि रोज घासून कोरडी केलेली फरशी हा त्यावरचा साधा उपाय.

सुरक्षितता : आतून लागणारी कडी, रात्रभर दिवा, वारा खेळेल अशी उंच खिडकी आणि मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची कचरापेटी आवश्यक आहे.