नाशिकचं स्टोअर, पनवेलचं सासर

मुलीचं लग्न ठरतं. मुलगा पनवेलचा. मुलगी नाशिकच्या एका मोठ्या साखळी स्टोअरमध्ये चार वर्षं बिलिंग काउंटरवर. बैठकीत कुणीतरी विचारतं, "नोकरीचं काय?" त्यावर मुलीचे काका छातीठोकपणे सांगतात, "तिच्या कंपनीची तिकडेही दुकानं आहेत. बदली करून घेईल." सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि विषय संपतो.

असा प्रसंग महाराष्ट्रात कुठल्याही घरात घडू शकतो. काकांचा हेतू चांगला असतो, फक्त त्यांच्या मनातली बदली वेगळी असते. मराठी घरात बदली म्हटलं की डोळ्यांपुढे येतात जिल्हा परिषदेचे शिक्षक, एसटीचे वाहक, पोलीस, तलाठी. शिक्षकांच्या बदल्यांना शासन निर्णय असतात, सेवाज्येष्ठता असते, आपसी बदली असते, पती-पत्नी एकत्रीकरण असतं. दुकानाच्या नोकरीत यातलं काहीच नाही. आणि सरकारी नोकरीतही हवी ती जागा हा हक्क नव्हेच. उत्तर प्रदेशातल्या एका महिला अधिव्याख्यात्याने अमरोह्याहून गौतम बुद्ध नगरला बदली मागितली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. कोणाला कुठे ठेवायचं हे गरज पाहून नियोक्त्याने ठरवायचं, कर्मचाऱ्याने हट्ट धरायचा नाही, असा त्या निकालाचा आशय होता. खासगी दुकानातल्या नोकरीत तर नेमणूकपत्र म्हणेल तेच खरं. त्यात बहुधा लिहिलेलं असतं की कंपनी कर्मचाऱ्याला कोणत्याही शाखेत पाठवू शकते. कर्मचारी मागेल तिथे कंपनी पाठवेल, असं कुठेच लिहिलेलं नसतं.

बदली या शब्दाला मुंबईत आणखी एक जुना अर्थ आहे. गिरणगावातला 'बदली कामगार' रोज पाळीच्या वेळी गेटवर उभा राहायचा. आज कोण आलेलं नाही आणि कुणाचा साचा रिकामा आहे, यावर त्याची त्या दिवसाची रोजी ठरायची. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे. तिथल्या एखाद्या दुकानातल्या मुलीने दुसऱ्या शहरात बदली मागितली, तर तिचा प्रश्न सरकारी बदलीपेक्षा या जुन्या बदलीच्याच जवळचा असतो: तिकडे जागा रिकामी आहे का?

साखळी दुकानांत प्रत्येक स्टोअरचा 'हेडकाउंट' ठरलेला असतो. दुकानाचं क्षेत्रफळ आणि विक्री पाहून बिलिंगला किती, फ्लोअरला किती, मालाच्या गोदामात किती माणसं, हे वरून येतं. पनवेलच्या दुकानात बिलिंगची सगळी माणसं भरलेली असतील, तर नाशिकच्या मुलीचं काम कितीही चोख असो, तिला बसवायला खुर्ची नसते. म्हणून "जागा आहे का" हा प्रश्न "बदली द्याल का" याच्या आधी विचारावा लागतो, आणि तो पनवेलच्या स्टोअर मॅनेजरच्या किंवा त्या क्लस्टरच्या एचआरच्या कानावर जावा लागतो. बऱ्याचदा अडचण घेणाऱ्याकडे नसतेच, सोडणाऱ्याकडे असते. चार वर्षांची, मशीनवर हात बसलेली कॅशियर दसरा-दिवाळीच्या तोंडावर कोणता मॅनेजर आनंदाने सोडेल? मार्चअखेरच्या स्टॉक मोजणीच्या दिवसांतही तेच. सर्वांत सोपी वाट असते नव्या दुकानाच्या उद्घाटनाची. नव्या स्टोअरला शिकलेले हात हवे असतात आणि तिथला हेडकाउंट अजून भरायचा असतो. वाढणाऱ्या साखळ्यांत ही संधी वरचेवर येते. डी-मार्टची दुकानं ३१ मार्च २०२४ ला ३६५ होती, वर्षभराने ४१५ झाली. एका वर्षात पन्नास नवी दुकानं म्हणजे पन्नास वेळा कोणीतरी विचारलं असणार, जुन्या दुकानातून कोण येतंय?

दुसरा गैरसमज पाटीचा. पाटी एक म्हणजे कंपनी एक, असं सगळेच धरून चालतात. मॅकडोनाल्ड्सचं उदाहरण घ्या. पश्चिम आणि दक्षिण भारतातली त्यांची रेस्टॉरंट्स वेस्टलाइफ फूडवर्ल्ड या समूहाची आहेत, तर उत्तर आणि पूर्व भारतातली कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स या वेगळ्याच कंपनीची. पुण्याच्या आउटलेटमधला मुलगा बेंगळुरूला गेला तर ती बदली होऊ शकते. तोच दिल्लीला गेला तर लाल-पिवळी पाटी तीच, बर्गर तोच, पण मालक नवा, म्हणजे नोकरीही नवी. डॉमिनोजचं तसं नाही, तिथे देशभर ज्युबिलंट फूडवर्क्स ही एकच कंपनी आहे. डी-मार्टही अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी स्वतःच चालवते. तनिष्कच्या मात्र कितीतरी शोरूम फ्रँचायझीच्या आहेत. तिथल्या विक्रेत्याचा पगार स्थानिक मालक देतो, आणि दुसऱ्या गावातल्या शोरूमच्या मालकाशी त्याचा काही करार नसतो.

याच्याही पुढची गुंतागुंत दुकानाच्या आतच असते. सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवरची मुलगी, टीव्ही विभागात एकाच ब्रँडची बाजू मांडणारा मुलगा, दारावरचा सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या मावशी हे अनेकदा त्या दुकानाचे नोकर नसतातच. कुणी ब्रँडचा प्रमोटर असतो, कुणी एजन्सीच्या 'पेरोल'वर. आपण 'ऑन-रोल' की 'ऑफ-रोल', हे पगाराच्या स्लिपवर सगळ्यात वर छापलेल्या नावावरून कळतं. बदलीचा अर्ज त्या नावाकडे करायचा. स्टोअर मॅनेजरशी कितीही चांगलं जमत असलं, तरी एजन्सीच्या माणसाची बदली त्याच्या हातात नसते.

"मॅनेजरने हो म्हटलंय, झालं काम," हा समज सगळ्यात महागात पडतो. मॅनेजरचं तोंडी हो म्हणजे शिफारस. बदली होते ती पत्राने किंवा निदान एचआरच्या ईमेलने. त्यात नव्या स्टोअरचा कोड, रुजू होण्याची तारीख, पद, पगार आणि एम्प्लॉयी कोड कायम असल्याचा उल्लेख हवा. बायोमेट्रिक हजेरी स्टोअरला जोडलेली असते. सिस्टिममध्ये नाव अजून नाशिकलाच असेल, तर पनवेलला बोट लावून हजेरी लागत नाही, आणि तिकडे नाशिकच्या खात्यात ती मुलगी 'गैरहजर' दिसत राहते.

यातूनच उगवते ती सोयीची दिसणारी पळवाट. कुणीतरी सुचवतं, "इथे राजीनामा दे, तिकडे लगेच जॉइन हो, एकाच कंपनीत तर आहेस." ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. कागदावर ते दोन वेगळे रस्ते आहेत, आणि त्यांच्यातला फरक पैशांत मोजता येतो.

सगळ्यात मोठा फरक ग्रॅच्युइटीत. कायम कर्मचाऱ्याला ती मिळायला सलग पाच वर्षांची सेवा लागते. १९७२ च्या कायद्यात ही अट होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांना नव्या संहितेने एका वर्षाच्या सेवेनंतर हक्क दिला आहे, पण ते वेगळं प्रकरण. आपल्या बिलिंगवाल्या मुलीची चार वर्षं झाली आहेत. तिची रीतसर बदली झाली तर दुकान बदललं तरी सेवा सलग राहते. राजीनामा, फुल अँड फायनल, मग नवं नेमणूकपत्र, असं झालं तर चार वर्षं गेली आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. हिशेब साधा आहे: शेवटचा धरला जाणारा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. १५,००० पगार आणि सहा वर्षं धरली तर साधारण ५१,९०० रुपये होतात. बदलीच्या पत्राऐवजी राजीनामा लिहून दिला, तर पनवेलला दोन वर्षं काम करूनही हातात शून्य.

पीएफबद्दल उलटाच गैरसमज आहे. गाव सोडताना पीएफ काढून घ्यावा लागतो, असं कितीतरी जण मानतात, आणि लग्नाच्या खर्चात तो आयताच कामी येतो, हेही त्यामागे असतंच. प्रत्यक्षात कंपनी तीच असेल तर बहुधा पीएफ खात्याला हातही लावावा लागत नाही. कंपनी बदलली तरी २०१४ पासून सुरू झालेला यूएएन क्रमांक तोच राहतो, जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी रक्कम काढली तर तिच्यावर प्राप्तिकर लागू शकतो, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा जुळणंही अवघड होऊन बसतं.

ईएसआयसीचं कार्ड नाशिकच्या दवाखान्याचं आहे म्हणून ते पनवेलला चालणार नाही, असंही नाही. विमाधारकाचा क्रमांक एकदाच मिळतो, दवाखाना मात्र नव्या पत्त्याप्रमाणे बदलून घ्यावा लागतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे आणि स्टोअरमधले बरेचसे कर्मचारी तिच्यात बसतात. नवविवाहितेसाठी यात एक कळीची गोष्ट आहे. ईएसआयसीच्या प्रसूती लाभासाठी लागोपाठच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवसांचं अंशदान लागतं आणि ते तिच्या विमा क्रमांकावर मोजलं जातं. जी ईएसआयसीत बसत नाही तिच्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या नियोक्त्याकडे ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. म्हणजे पगार २१,००० च्या वर असेल आणि नव्या कंपनीत नव्याने रुजू झाली असेल, तर हे दिवस मोजून पाहावेत.

पगाराचं काय? "कंपनी तीच, पद तेच, म्हणजे पगार तोच," हे अर्धसत्य आहे. मूळ पगार बहुधा तोच राहतो, पण शहर पाहून दिलेला भत्ता जाऊ शकतो. किमान वेतन राज्याराज्यांत वेगळं आहे आणि महाराष्ट्रात तर ते परिमंडळाप्रमाणे, म्हणजे महापालिका, नगरपालिका आणि उरलेली गावं यांप्रमाणेही बदलतं. राज्याची हद्द ओलांडली की व्यवसाय करही बदलतो. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलेला एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. तीच १८,००० च्या पगारावर सुरतच्या दुकानात गेली तर महिन्याला २०० रुपये कापले जातील, कारण गुजरातेत १२,००० च्या वर तो सगळ्यांना लागतो. उलट पुण्यात वर्षाला २,५०० रुपये भरणारा मुलगा त्याच १८,००० वर बेंगळुरूला गेला तर त्याचे ते पैसे वाचतील.

सामान हलवण्याचा खर्च मात्र बहुतेकदा स्वतःचा. कंपनीने पाठवलं तर भत्त्याचा प्रश्न येतो. स्वतः मागून घेतलेल्या बदलीत टेम्पोचं भाडं घरचंच.

आता काकांच्या पुतणीकडे परत. तिने साखरपुड्यानंतर लगेच, लग्नाच्या तीन-चार महिने आधी, लेखी अर्ज दिलेला बरा. कारण लिहावं, पनवेलच नव्हे तर खारघर, कामोठे, वाशी अशी दोन-तीन दुकानं लिहावीत, बिलिंगऐवजी फ्लोअर चालेल का हेही लिहावं. पर्याय वाढले की जागा सापडते. जागा नाहीच मिळाली, तर नोटीस पिरियड पूर्ण करून रिलीव्हिंग लेटर घ्यावं. न सांगता येणं थांबवलं तर नाव 'फरार' म्हणून बंद होतं, आणि सहा महिन्यांनी त्याच कंपनीचं नवं दुकान सासरच्या गल्लीत उघडलं तरी तिथलं दार बंद असतं.

बदली मिळालीच, तर पनवेलची पहिली पगार स्लिप आली की ती नाशिकच्या शेवटच्या स्लिपशेजारी ठेवून पाहावी. यूएएन तोच हवा, ईएसआयसीचा क्रमांक तोच हवा, शिल्लक रजा पुढे आलेली हवी, आणि रुजू झाल्याची तारीख चार वर्षांपूर्वीची हवी. ती तारीख पनवेलची पडली असेल, तर त्याच दिवशी एचआरला ईमेल पाठवावा लागेल.