दोन कान, दोन स्पीकर

डोळे मिटून बसलेल्या मुलाच्या एका बाजूस कोणी टाळी वाजविली, तर ती कोणीकडून आली हे तो तत्काळ सांगतो. त्याचा एक कान घट्ट बंद केला, तर मात्र तो वारंवार चुकतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानास आधी व किंचित मोठा ऐकू येतो. डाव्या कानास तो थोडा उशिरा पोहोचतो. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरीही तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवितो.

भजनी मंडळ समोर बसले असता खंजिरी डावीकडे, टाळ उजवीकडे व गायक मध्यभागी आहे, हे न पाहताही कळते. तेच भजन एका स्पीकरमधून ऐकले, तर सारे आवाज एकाच जागेतून येतात. १९३१ साली ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने दोन स्वतंत्र मार्गांनी ध्वनी मुद्रित करून तो दोन स्पीकरांतून ऐकविण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. हाच स्टीरिओ ध्वनी होय.

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी कापूस विकून पैसा येतो. परंतु बियाणे, खत व शाळेचा खर्च भागल्यावर फारच थोडा उरतो. अशा घराने स्पीकर घेताना आवाजाच्या मोठेपणास भुलू नये. एकाच पेटीत जवळजवळ बसविलेल्या दोन स्पीकरांपेक्षा सुट्या, सारख्या जातीच्या दोन लहान पेट्या अधिक उपयोगी. दुकानात ओळखीचे गाणे मंद आवाजात लावावे. शब्द स्पष्ट व गायकाचा आवाज स्वाभाविक वाटेल, तीच जोडी घ्यावी.

घरी आणल्यावर खरे काम सुरू होते. दोन पेट्यांत दोन मीटर अंतर ठेवावे आणि ऐकणाऱ्याने प्रत्येकीपासून तितक्याच अंतरावर बसावे, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. पेट्या बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर असाव्यात. त्या कोपऱ्यात ठेवू नयेत. तेथे भिंतींमुळे खर्ज फुगतो आणि शब्द त्यात बुडतात. तारा जोडताना दोन्हीकडे लाल तार लाल टोकास व काळी काळ्या टोकास लावावी. एका पेटीची जोडणी उलटी झाली, तर खर्ज क्षीण होतो.

शहाबादी फरशी, उघड्या भिंती व टिनाचे छप्पर यांवरून ध्वनी परत फिरतो आणि मूळ आवाजात मिसळून दिशा पुसट करतो. येथे जिल्ह्याचा कापूसच कामी येतो. कापसाच्या तंतूंमधील बारीक पोकळ्यांत ध्वनिलहरी शिरतात व घर्षणाने त्यांची शक्ती उष्णतेत बदलते. म्हणून फरशीवर जाड गोधडी अंथरावी व बाजूच्या भिंतींना गाद्या उभ्या टेकवाव्यात. पातळ चादर मात्र निरुपयोगी ठरते. खर्ज गादीनेही फारसा शोषला जात नाही. त्यासाठी पेट्या भिंतीपासून दूर सरकवाव्या लागतात.

मांडणी साधली की नाही, हे सहज कळते. गाणे लावून डोळे मिटावेत. दोन पेट्यांच्या मध्ये, जेथे काहीच ठेवलेले नाही, तेथून गायकाचा आवाज येऊ लागला, तर मांडणी साधली असे समजावे. मग आवाज वाढविण्याची गरज उरत नाही आणि शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या भावंडासही त्रास होत नाही.